रोजचा एक मे

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरात एक मे सुरू झाला आणि डिसेंबरचा पहिला आठवडा लागेपर्यंत संपला नाही. सुरू मीच केला होता. घरात आम्ही तिघं: वडील, बायको आणि मी. मुलगी पुण्याला शिकते. तिला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. अमरावतीच्या बहिणीलाही नाही. ती विचारायची, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणायचो, बरे आहेत, आता रोज आपल्या हातानं आंघोळ करतात. हे खोटं नव्हतं. खोटं त्याच्या आधीचं होतं.

मी फार बोलणारा माणूस नाही. ऑफिसात माझ्या टेबलाशी कामासाठी आलेले लोक गप्पा शेजारच्या टेबलाशी मारतात. घरातही मी काही बोललो नाही तर कुणाच्या ते लक्षात येत नाही. पण ही गोष्ट वर्षभर आत ठेवून पाहिली, आणि ती आत राहत नाही.

वडील प्राथमिक शिक्षक होते. नोकरीची बरीच वर्षं आष्टी तालुक्यात, तळेगावकडच्या शाळांवर गेली. सकाळी परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की दिनविशेष असतो: आज तारीख कोणती, आणि या तारखेला पूर्वी काय काय घडलं. बहुतेक शाळांत तो छापील पुस्तकातून वाचतात. वडील तोंडपाठ सांगत. वऱ्हांड्यातल्या काळ्या फळ्यावर तो रंगीत खडूनं लिहीत आणि तो फळा दुसऱ्या कुणाला पुसू देत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचा, वाळेपर्यंत बाजूला उभं राहायचं, मग नवी तारीख टाकायची.

घरीही तेच. चहाच्या कपाबरोबर तारीख यायची. लग्नाच्या मांडवात नवरदेवाला गाठून सांगायचे की तुझ्या लग्नाच्या तारखेला अमुक देशात राजाला गादीवरून उतरवलं होतं, तवा जरा जपून राह्यजो. दोन ऑक्टोबरचा त्यांचा एक ठरलेला विनोद होता. त्या दिवशी देशभर दारूची दुकानं बंद असतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात कायमचीच दारूबंदी, दुकानंच नाहीत. वडील म्हणायचे, "लोकायले वर्षातून एक दोन ऑक्टोबर. आपल्याले रोजच." मग थोडं थांबून, "अन् रोजचा असला की कसा पाळते, ते पाहूनच राह्यलो." आई आतून म्हणायची, साऱ्या दुनियेच्या तारखा पाठ आहेत, पोरगा कोणत्या तारखेले झाला ते विचारा यायले. आईचं खरं होतं. माझा वाढदिवस त्यांच्या लक्षात राहत नसे. त्या तारखेला जगात विशेष काही घडलेलं नाही.

या सगळ्या तारखांत एक तारीख वेगळी होती. ती आधी सांगतो.

तळेगावकडे असताना शाळेवर एक तरुण गुरुजी नवे आले. बौद्ध समाजाचे. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला दीक्षा घ्यायला पायी गेले होते. मी त्यांना काका म्हणतो. ते रुजू झाले आणि लगेच डिसेंबर लागला. सहा तारखेला वडिलांनी फळ्यावर लिहिलं, फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. खाली आणखी एकदोन ओळी होत्या. महापरिनिर्वाण दिन नव्हता. काका फळ्यापुढे उभे राहिले. खडू उचलला आणि खालच्या मोकळ्या जागेत ती ओळ लिहिली. परिपाठात वडिलांनी सगळ्यात आधी तीच वाचली. मधल्या सुट्टीत ते काकांजवळ गेले आणि म्हणाले, "गुरुजी, फिनलंड ध्यानात राह्यलं मायाले अन् हे सुटलं." काका डबा खाता खाता म्हणाले, फिनलंड दूर आहे ना गुरुजी, दूरचं बरोबर दिसते.

हा टोमणा वडील पुढे आयुष्यभर स्वतःवरच सांगत राहिले, तेही काकांच्या देखत, आणि काका दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. पुढच्या वर्षी सहा डिसेंबरला वडील पांढरा सदरा घालून काकांबरोबर अभिवादनाला गेले. नातेवाइकांत यावर थोडी कुजबुज झाली, ती आईनं परस्पर मिटवली. ब्याण्णव साली त्याच तारखेला अयोध्येत जे झालं, त्यानंतर पुढच्या वर्षी फळ्यावर काय लिहायचं यावर दोघं बराच वेळ बोलले, आणि शेवटी काकांचीच ती जुनी ओळ एकटी लिहिली. फिनलंडही गाळलं.

निवृत्तीनंतर दोघांनी वर्ध्याला, नालवाडीला घरं बांधली, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. दर सहा डिसेंबरला सकाळी काका फाटकाशी यायचे. हातात मेणबत्त्यांचं पुडकं. वडील पायात चपला घालून तयारच असायचे. दोघं चालत गावातल्या पुतळ्यापर्यंत जायचे. परत आल्यावर पाय धुऊन चहा, आणि चहाबरोबर फिनलंड.

विसरणं सुरू झालं आई गेल्यावर. आधी माणसांची नावं, मग घरातल्या वस्तू कुठे ठेवल्या ते, मग जेवण झालं की नाही ते. तारखा मात्र शाबूत होत्या, त्यामुळे आम्हाला वाटलं, वय आहे. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, आजोबा, आज तारीख काय? वडील हसले. म्हणाले, तारीख तुम्ही सांगा, बाकीचं मी सांगतो. बाईंनी सांगितली आणि त्यांनी खरोखरच चारपाच गोष्टी घडाघडा म्हणून दाखवल्या. बाई हसल्या नाहीत. आम्हाला बाहेर नेऊन समजावलं. याला औषध थोडंच आहे. रोज सकाळी त्यांना तारीख सांगत जा, वार सांगा, थंडी आहे की ऊन ते सांगा, भिंतीवर कॅलेंडर ठेवा. माणूस दिवसाला धरून राहिला पाहिजे. खरी तारीख सांगा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. खोटी कोण सांगणार, असं त्यांना वाटलं असेल.

बायको शिक्षिका आहे. तिची शाळा वडनेरकडे. ती सकाळच्या बसनं जाते, त्यामुळे सकाळ माझ्याकडे. आंघोळ, नाश्ता, गोळ्या, हे उरकेपर्यंत त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी येतात आणि मी ऑफिसला पळतो. ऑफिसात हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायचा असतो, उशीर झाला की तो दिसतो.

रोज सकाळी चहा हातात घेतला की वडील विचारायचे, "आज तारीख?" मी सांगायचो. ते डोळे मिटायचे. पहिल्या वर्षी चार गोष्टी आठवायच्या. मग दोन. मग एक, तीही दुसऱ्याच तारखेची. मी दुरुस्त करत नसे. मग असे दिवस आले की डोळे मिटले तरी काहीच येईना. ते कपाळावर तळहात मारून घ्यायचे. म्हणायचे, "सुरुवात तं सांग. एक तरी शब्द सांग." मी मोबाइलवर पाहून वाचून दाखवायचो. त्यानं ते आणखी चिडायचे. हे मी सांगणारच होतो, तू काऊन घाई केली? मग चहा निवलेला, आंघोळीला नकार, गोळ्या दिल्या की हातानं उडवून लावायच्या. एकदा त्यांनी कप भिंतीवर फेकला. तो पुसता पुसता मी त्यांच्यावर ओरडलो. ते घाबरले. शाळेत पोरगं घाबरतं तसे, दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर पोरांना तसंच उभं केलं होतं.

आता मूळ गोष्ट.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी त्यांनी विचारलं, "आज तारीख?" तळहात आधीच कपाळाशी गेला होता. आज परीक्षा आहे आणि अभ्यास झालेला नाही, हे त्यांना कळत होतं. मी म्हणालो, "एक मे."

का म्हणालो? मला ठाऊक होतं की ती त्यांना येईल. एक मेला शाळेत झेंडावंदन आणि वार्षिक निकाल. इतकी वर्षं त्यांनी त्या दिवशी उन्हात उभं राहून निकाल वाचला होता. पण विचार करून म्हणालो असं नाही. आधी तोंडातून गेलं, मग मला कळलं.

वडिलांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. शिकागोचे कामगार, आठ तासांचा दिवस. मद्रासच्या समुद्रकाठी देशातला पहिला लाल बावटा. साठ साली महाराष्ट्र आणि गुजरात, मुंबईसाठी गेलेले एकशे सहा हुतात्मे. इथे नेहमीसारखे थांबले आणि नेहमीसारखेच म्हणाले, "अन् आपल्या विदर्भाले कोणं विचारलं होतं? कोणंच नाई." मग डोळे उघडून म्हणाले, "उठ, पाणी काढ. निकाल आहे आज." स्वतः आंघोळ केली. पांढरा सदरा मागून घेतला. पोहे खाल्ले, गोळ्या घेतल्या. शाळेत जायला निघतील म्हणून मी धास्तावलो होतो. म्हटलं, बाबा, झेंडावंदन आटोपलं, निकालही लागला. त्यांनी विचारलं, किती पास? म्हटलं, सगळे. ते खुर्चीत मागे टेकले. "मस्त," म्हणाले. मी वेळेवर अंगठा लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगताना मला काही वाटलं नाही.

मग ते सांभाळणं आलं. भिंतीवरचं कॅलेंडर मी मे महिन्यावर उलटून ठेवलं. पेपर त्यांच्या हाती लागण्याआधी माझ्या बॅगेत जायचा. मावशींना सांगून ठेवलं. त्यांना ते सोपं वाटलं, त्या म्हणाल्या, बरं आहे भाऊ, एकच ध्यानात ठेवा लागते. बायकोला मात्र पटलं नाही. तिला कळलं ते रविवारी, ती घरी असताना. ती स्वयंपाकघरात मला म्हणाली की डॉक्टरांनी याच्या उलट सांगितलं होतं. मी म्हणालो, सकाळी तू असतेस का? हे बोलायला नको होतं. पुढच्या रविवारपासून तीही त्यांना विचारू लागली, बाबा, निकाल कसा लागला? तिलाही मीच यात ओढलं.

थंडी पडली तेव्हा वडिलांनी स्वेटर घालता घालता विचारलं, "मे महिन्यात एवढी थंडी काऊन पडून राह्यली?" मी म्हणालो, कुठेतरी गारपीट झाली. ते हो म्हणाले. शेजारी रस्त्यावरून गेले की त्यांना बोलावून सांगायचे, यंदा मेमध्ये थंडी आहे बापा, आंब्याचं काही खरं नाई. शेजारी हसत जायचे. मीही एकदोनदा हसलो. चार दिवसांनी गारपिटीचं कारण त्यांनी मलाच समजावून सांगितलं. जे मी दिलं होतं ते त्यांनी पाठ करून घेतलं होतं. इतक्या दिवसांत त्यांच्या डोक्यात नवं असं जे काही टिकलं, ते माझं खोटं होतं.

त्या काळात काका नागपूरला मुलीकडे होते. गुडघ्याचं काहीतरी चालू होतं. त्यामुळे त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आणि मी रोज एक मे सांगता सांगता खऱ्या तारखेचा माझाच धागा सोडला होता. ऑफिसात अंगठ्याच्या मशीनवर तारीख दिसायची, ती तेवढ्यापुरती.

एका सकाळी वडील आंघोळ करून, पांढरा सदरा घालून पोर्चमध्ये बसले होते. शिकागो ते निकाल सगळं म्हणून झालं होतं. फाटक वाजलं. काका उभे होते. पांढरा सदरा, पांढरी पँट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांचं पुडकं. तेव्हा मला खरी तारीख आठवली.

काका वडिलांकडे पाहून हसले. "वा गुरुजी. तयारच आहात."

वडील म्हणाले, "तयार म्हंजे? झेंडावंदन आटोपलं न. तुमाले उशीर झाला." मग त्यांचं पुडक्याकडे लक्ष गेलं. "अन् मेणबत्त्या काऊन आणल्या?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीत उभा होतो, हातात गोळ्यांची डबी. त्या वेळी खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. बाबा, मी चुकलो, आज सहा डिसेंबर आहे, काका आलेत, चपला घाला. कदाचित ते चिडले असते, रडले असते, मला उशीर झाला असता. यातलं काहीही झालं असतं तरी दुपारपर्यंत निस्तरलं असतं. मी म्हणालो, "काका, आज एक मे आहे ना." आणि डोळ्यांनी विनवलं.

काकांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मेणबत्त्या खांद्यावरच्या थैलीत ठेवल्या, काठी भिंतीला टेकवली आणि समोरच्या खुर्चीवर बसले. "सांगा गुरुजी," म्हणाले. वडिलांनी पुन्हा सगळं सांगितलं. शिकागो, मद्रास, एकशे सहा. विदर्भाले कोणं विचारलं. काका गुडघ्यांवर हात ठेवून परिपाठाला बसल्यासारखे ऐकत होते. फिनलंडचं नाव कुणीच काढलं नाही. संपल्यावर म्हणाले, छान सांगितलं, आणि काठी घेऊन उठले.

मी फाटकापर्यंत गेलो. त्यांना समजावू लागलो, सकाळी किती त्रास होतो, गोळ्या, आंघोळ, अंगठा. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुही अडचण समजते मले," ते म्हणाले. "पण आता एकट्यालेच जा लागन."

काठी टेकत ते वळणापर्यंत गेले. मी पाहत उभा होतो. तेव्हाही हाक मारता आली असती. मी घड्याळ पाहिलं.

संध्याकाळी घरी आलो तर वडील पोर्चमध्येच होते. मावशी म्हणाल्या, दुपारी आत यायलाच तयार नव्हते. मी बूट काढत होतो. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "गुरुजी मेणबत्त्या घेऊन आलते."

"हो."

"मेणबत्त्या एक मेले नाई लागत."

मी दुसरा बूट काढला. त्यांनी बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी चाचपलं, खडू शोधावा तसं.

"सहा डिसेंबर होता आज."

आकडा त्यांना मी सांगितला नव्हता, कॅलेंडरवर मे होता, पेपर माझ्या बॅगेत होता. तो त्यांनी काकांच्या हातातल्या पुडक्यावरून काढला होता. त्यासाठी त्यांना पूर्ण दिवस लागला होता. दिवसभर ते पोर्चमध्ये बसून तेवढंच करत होते.

"हो बाबा," मी म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, विचारतील, तू खोटं काऊन बोलला. विचारावं असं वाटत होतं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"गुरुजी एकटे गेले?"

मी मान हलवली. ते उठले आणि आत जाऊन कॉटवर बसले. जेवण दिलं, जेवले. गोळ्या दिल्या, घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला आणि समोर बसून राहिलो. खरी तारीख जिभेवर तयार होती. कॅलेंडर पहाटेच डिसेंबरवर आणून ठेवलं होतं. ते चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. तारीख विचारली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत विचारलेली नाही.

आता मी न विचारता सांगतो. बाबा, आज अमुक तारीख, अमुक वार, बाहेर ऊन आहे. पेपर त्यांच्या मांडीवर ठेवतो. ते म्हणतात, "बरं." लहान पोरगं उगाच काहीतरी रचून सांगत असलं की मोठी माणसं म्हणतात तसं. त्या दिवसाची एखादी गोष्ट मी सुरू करून देतो, मुद्दाम अर्ध्यावर सोडतो. पूर्वी ती त्यांनी हिसकावून पुरी केली असती. आता बिस्किट चहात बुडवतात.

खरा एक मे आला. वर्ध्याचा मे, सकाळी आठलाच पोर्चची फरशी तापलेली. मी म्हणालो, "बाबा, आज एक मे आहे. आज खरंच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडर दाखवलं. पेपरवरची तारीख दाखवली. हात धरून उन्हात नेलं. शेवटी मीच म्हणू लागलो, शिकागोचे कामगार, आठ तासांचा दिवस. मद्रासपर्यंत आलो आणि थांबलो. पुस्तक उघडं ठेवून उत्तर देणाऱ्या पोराकडे पाहावं तसं ते पाहत होते. "बरं," म्हणाले. त्यांना ते आठवत नव्हतं की माझ्यापुढे म्हणायचं नव्हतं, हे मला कळलेलं नाही आणि आता कळायचा मार्ग नाही.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजार पुढे सरकतोच, तुम्ही काही केलं नसतं तरी हे झालं असतं. बायकोही तेच म्हणते. खरं असेल. पण ते नेमकं दुसऱ्या दिवशीच सकाळी झालं असतं का, हे दोघींनाही सांगता येत नाही.

काकांकडे गेलो होतो. माफी मागायची होती, ती तोंडातून धड निघाली नाही. त्यांनी चहा करायला लावला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत राहिले. मी उठलो तेव्हा म्हणाले, "यंदाही येतो मी. गुडघा चालला त पायी, नाई त ऑटोनं. तू फक्त त्या दिवशी मधात बोलजो नको."

आता शेवटचं, ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी जोराचं वादळ झालं आणि आमच्या भागातले लाइट गेले. रात्र अंधारात काढली. सकाळीही लाइट आले नव्हते, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन आलो. वडील पोर्चमध्ये बसले होते. पुडकं माझ्या हातात होतं. मी त्यांच्यासमोरून आत गेलो, टेबलावर ते ठेवलं, चहाचं आधण टाकलं.

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. ते त्यांच्या खोलीत होते. कपाट उघडलं होतं. पांढरा सदरा त्यांनी बनियानवर चढवला होता, गुंड्या एकेक घर चुकवून लावलेल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. पोर्चमध्ये आले, चपला शोधल्या, त्या घालायला वाकता येईना म्हणून पायांनी सरळ केल्या आणि घातल्या. मग फाटकाशी जाऊन काकांच्या गल्लीच्या दिशेनं पाहत उभे राहिले.

मी मागे जाऊन उभा राहिलो. काय करायला हवं होतं, मला आजही माहीत नाही. हो म्हणून त्यांना घेऊन चालू लागलो असतो तर तो पुन्हा एक मेच झाला असता. मी खरं सांगितलं. बाबा, आज ती तारीख नाही. लाइट गेले म्हणून मेणबत्त्या आणल्या. डिसेंबरला अजून वेळ आहे, काका येणार आहेत, मी तेव्हा सांगीन तुम्हाला.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"बरं," म्हणाले.

आणि परत रस्त्याकडे पाहू लागले. मावशी आल्या, त्यांनी खुर्ची फाटकापाशी नेऊन ठेवली. मी निघालो तेव्हा ते तिथेच बसले होते, सदरा तसाच, पायात चपला. मला जायला वाट हवी होती म्हणून त्यांनी पाय जरा आत घेतले.